स्नायूंचा आजार आणि मनाचा आधार : समुपदेशनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नसा आणि स्नायूंच्या आजारांसाठी असलेल्या विभागात मी समुपदेशक म्हणून काम करते. डॉक्टरांच्या खोलीतून लोक माझ्याकडे येतात तेव्हा पहिली काही मिनिटं बहुधा फाइल लावण्यातच जातात. ईएमजी (नसा-स्नायूंची विद्युत तपासणी), एमआरआय, जनुक तपासणीचा कागद, सगळं क्रमानं. कागद लावून झाले की मग एखादा प्रश्न येतो, आणि तो अनेकदा दाराकडे जाता जाता विचारलेला असतो. असे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

न्यूरोमस्क्युलर आजार म्हणजे नेमके कोणते?

हात हलवायचा असं मनात आल्यापासून हात हलेपर्यंत निरोपाला बराच प्रवास करावा लागतो. मज्जारज्जूपासून पुढच्या वाटेत कुठेही बिघाड झाला तरी स्नायू दुबळा पडतो, आणि हे सगळे आजार या एका नावाखाली येतात. मज्जारज्जूतल्या पेशी बिघडल्या तर स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी (एसएमए) किंवा अ‍ॅमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस (एएलएस). नसा बिघडल्या तर शार्को-मारी-टूथ किंवा गियाँ-बारे. नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथे अडचण असेल तर मायस्थेनिया. खुद्द स्नायूच झिजत असेल तर ड्यूशेन, लिंब-गर्डल, मायोटोनिक यांसारख्या मस्क्युलर डिस्ट्रॉफी.

समुपदेशनाच्या दृष्टीनं यांत फार फरक आहे. गियाँ-बारेमध्ये धडधाकट माणूस काही दिवसांत आडवा होतो, कधी आयसीयूतही जातो आणि बहुतेक वेळा सावरतोही. त्याला नंतर सतावतात त्या व्हेंटिलेटरवरच्या रात्री. मायस्थेनियात सकाळी नीट असलेला माणूस संध्याकाळी पापणी उचलू शकत नाही, त्यामुळे लोक विश्वास ठेवत नाहीत. ड्यूशेनमध्ये आईवडिलांना पुढचे टप्पे आधीच माहीत असतात. प्रत्येकाचं ओझं वेगळं आहे, म्हणून सगळ्यांना एकच पुस्तकी सल्ला देणाऱ्या समुपदेशकापासून जरा सावध राहा.

आम्ही घरचे सगळे एकमेकांना धरून आहोत. मग बाहेरच्या माणसाशी कशाला बोलायचं?

घर धरून आहे ही मोठीच गोष्ट आहे. पण अशाच घरांत एक अडचण मी हमखास पाहते. मुलगा बघेल म्हणून आई रडत नाही. आई रडेल म्हणून मुलगा पाय दुखतात हे सांगत नाही. बाबा रात्री मोबाइलवर आजाराबद्दल वाचत बसतात आणि कुणी खोलीत आलं की स्क्रीन बंद करतात. जो तो दुसऱ्याला जपत असतो, आणि जपता जपता घर गप्प होत जातं.

समुपदेशकासमोर तुम्हाला कुणाला जपायचं नसतं. "मला आता हे झेपत नाही" किंवा "कधी कधी मला त्याचा राग येतो" हे वाक्य एकदा मोठ्यानं म्हणता आलं की घरी गेल्यावर त्याचा फणा बराच उतरलेला असतो. पुष्कळ घरांत नंतर एकमेकांशी बोलणंही सुरू होतं.

आणि जाता जाता: समुपदेशन घेणं म्हणजे मानसिक आजार असणं नव्हे. यायला आधी नैराश्य असावं लागत नाही.

निदानाच्या वेळी आम्ही कसेबसे सावरलो होतो. आता चार वर्षांनी व्हीलचेअर आली आणि पुन्हा तसंच कोसळल्यासारखं झालं. आमचं काही चुकतंय का?

नाही. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या प्रश्नांत हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

आपल्याला वाटतं, दुःख एकदा येतं, काही काळ छळतं आणि मग माणूस ते स्वीकारतो. वाढत जाणाऱ्या आजारात तसं होत नाही. जिना चढणं सुटतं तेव्हा एकदा, चालणं सुटतं तेव्हा पुन्हा, हातानं घास तोंडापर्यंत नेता येत नाही तेव्हा आणखी एकदा, असं ते येत राहतं. कधी तर आजार जागच्या जागी असतो आणि तरी दुःख उफाळतं, कारण बरोबरीची मुलं सायकल शिकली किंवा कॉलेजला गेली. सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ साली बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांबद्दल लिहिताना याला "क्रॉनिक सॉरो" म्हटलं. आपण चिवट दुःख म्हणू. त्यांचं म्हणणं असं, की हा पालकांचा मानसिक बिघाड नाही; ज्या परिस्थितीत ते जगताहेत तिला आलेला तो साहजिक प्रतिसाद आहे. "अजून कसं स्वीकारलं नाही?" म्हणून पालकांच्या मागे लागणाऱ्या तज्ज्ञांवर त्यांनी तेव्हाच बोट ठेवलं होतं. साठहून अधिक वर्षं उलटली, तरी ते वाक्य पालकांना आजही ऐकून घ्यावं लागतं.

म्हणून निदानानंतर एक-दोन भेटी घेऊन फाइल बंद करणं मला पटत नाही. दार उघडं हवं. चालणं थांबण्याच्या सुमारास, शाळा बदलताना, पहिल्यांदा बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र) लागतं तेव्हा, पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेआधी, अन्नासाठी पोटातून नळी घालायची वेळ येते तेव्हा, मूल अठराचं होतं तेव्हा. यातल्या पुष्कळ गोष्टींची चाहूल आधी लागते, तेव्हा भेटही आधीच ठरवता येते. ड्यूशेनच्या उपचारांबद्दल २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात तर क्लिनिकच्या प्रत्येक भेटीत मनाची विचारपूस व्हावी असं म्हटलं आहे. तुमच्या क्लिनिकात ती होत नसेल तर तुम्ही स्वतः विषय काढा.

व्हीलचेअरबद्दल एवढं सांगते. आईवडिलांना ती हार वाटते, आणि मुलाला पुष्कळदा सुटका. पडण्याच्या भीतीनं भिंतीला धरून सरकणारा मुलगा खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा वर्गमित्रांच्या बरोबरीनं गेटपर्यंत जातो. दोन्ही भावना एकाच घरात, एकाच दिवशी असू शकतात.

जनुकीय समुपदेशन आणि हे समुपदेशन एकच का?

नाही. जनुकीय समुपदेशक आजार कुठल्या जनुकातून आला, पुढच्या मुलाला किती शक्यता, कुणाची तपासणी करावी, हे समजावून सांगतो. मी त्या माहितीसकट जगण्याबद्दल बोलते. दोन्ही लागतात, आणि जमलं तर त्याच क्रमानं.

लहान भावंडांची, विशेषतः बहिणींची, वाहक तपासणी (स्वतः आजारी नसताना सदोष जनुक अंगात आहे का ते पाहणारी) लगेच करून घ्यावी असं घरच्यांना वाटतं. बालपणी त्या माहितीचा उपचारासाठी उपयोग नसेल तर मुलगी स्वतः ठरवण्याइतकी मोठी होईपर्यंत थांबावं, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. मलाही ती योग्य वाटते. तो निकाल तिचा आहे.

माझ्यामुळे मुलाला हा आजार झाला. हे मनातून जातच नाही.

ड्यूशेनचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलग्याला ते आईकडून मिळतं, हे डॉक्टर दोन मिनिटांत सांगतात. त्या दोन मिनिटांचं ओझं आई पुढे वर्षानुवर्षं वाहते. तेव्हा उरलेलं अर्धंही ऐका. हा आजार असलेल्या साधारण एक तृतीयांश मुलग्यांमध्ये जनुकातला बदल नव्यानं झालेला असतो, आईच्या रक्तात तो सापडतच नाही. (तपासणीत सापडला नाही तरी पुढच्या गरोदरपणात थोडी जोखीम उरते, ते जनुकीय समुपदेशकाशी जरूर बोला.) एसएमएमध्ये सहसा आई आणि बाबा दोघांकडून एकेक सदोष प्रत आलेली असते, दोघंही ठणठणीत असतात, त्यांना कल्पनाही नसते, आणि प्रत्येक गरोदरपणात चारात एक ही शक्यता असते. आपल्या शरीरातली जनुकं कुणी निवडून घेतलेली नसतात.

पण खरं सांगायचं तर ही माहिती देऊन अपराधी भावना जात नाही. "असं मनात आणू नकोस" म्हणूनही जात नाही. मी आईला विचारते, हे वाक्य सगळ्यात जोरात कधी ऐकू येतं? एकीचं उत्तर होतं, त्याचे मोजे घालताना. पाय हातात घेतला की. मग आम्ही काही आठवडे त्या मोज्यांच्या पाच मिनिटांबद्दलच बोललो. घरातलं कुणी प्रत्यक्ष दोष देत असेल तर मी त्या व्यक्तीलाही भेटीला बोलावते. तिथे एकट्या आईवर काम करून भागत नाही.

मुलाला किती सांगायचं? त्याला काहीच माहीत नाही.

बहुतेकदा त्याला माहीत असतं. दहाएक वर्षांच्या एका मुलाला मी विचारलं, या सगळ्याबद्दल घरी कुणाशी बोलतोस? तो म्हणाला, "घरी सगळ्यांना वाटतं मला माहीत नाही. म्हणून मी विचारत नाही." त्यानं आजाराचं नाव फाइलवर वाचलं होतं आणि इंटरनेटवर शोधलंही होतं. तिथे जे वाचलं ते त्यानं सहा महिने एकट्यानं सांभाळलं.

त्यामुळे मुलाला सांगू नका असं मी कधीच म्हणत नाही. कसं, केव्हा आणि किती, एवढंच ठरवायचं. पाच वर्षांच्या मुलाला "तुझे पायाचे स्नायू लवकर दमतात, यात तुझी चूक नाही, आणि हे कुणाला लागत नाही" एवढं पुरतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आजाराचं नाव सांगावं, म्हणजे शाळेत कुणी विचारलं तर त्याच्याकडे उत्तर असतं. किशोरवयात पुढे काय हे प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरं खरी द्यावी लागतात. मुलानं जेवढं विचारलं तेवढंच सांगा, पण खोटं काही सांगू नका. "औषध घेतलंस की पळायला लागशील" हे वाक्य दोन वर्षांनी तुमच्यावर उलटतं, आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

"मी मरणार का?" हा प्रश्न आला तर लगेच नाही म्हणून विषय संपवू नका. आधी विचारा, "आज हे कशावरून मनात आलं?" कधी वर्गात कुणी बोललेलं असतं, कधी टीव्हीवर काही पाहिलेलं असतं, तर कधी त्याला खरंच तुमच्याशी बोलायचं असतं. तुमच्याकडे उत्तर नसेल तर "मला नक्की ठाऊक नाही, पण आपण डॉक्टरांना मिळून विचारू, आणि मी तुझ्याबरोबर आहे" हे पूर्ण उत्तर आहे. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तरी चालेल.

मुलगा फार हट्टी झालाय, अभ्यासात मागे पडतोय. हे दुःखामुळे का?

दुःख असेलच, पण सगळं त्याच्या माथी मारू नका. ड्यूशेनमध्ये जे प्रथिन कमी पडतं, त्या डिस्ट्रॉफिनचं मेंदूतही काम असतं. त्यामुळे या मुलांमध्ये वाचन-लेखनाच्या अडचणी, एकाग्रतेचा अभाव, स्वमग्नतेची लक्षणं, एकाच गोष्टीवर अडून बसणं हे इतर मुलांपेक्षा जास्त दिसतं. शिवाय प्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकोर्ट यांसारख्या स्टेरॉइडनं चिडचिड वाढू शकते. आईवडिलांनी लाडावून ठेवलंय म्हणून मूल असं झालं, हा शेरा अशा घरांना फार बोचतो आणि बहुधा चुकीचाही असतो. तपासणी करून घ्या. स्टेरॉइड मात्र मनानं बंद करू नका. ते एकाएकी थांबवणं धोक्याचं असतं; मात्रा किंवा वेळ बदलायची का ते डॉक्टर ठरवतील.

समुपदेशनात प्रत्यक्ष करतात काय? नुसतं बोलून काय होणार?

पहिल्या भेटीत बहुतेक वेळ ऐकण्यात जातो. पुढे माणसागणिक वाट बदलते. कुणाला विचारांच्या चक्रातून बाहेर यायला मदत हवी असते, कुणाला दमणूक आणि दिवसाची कामं यांचा मेळ बसवायचा असतो, तर कुणाला फक्त तासभर धीर धरून बसणं थांबवायचं असतं.

याचे अभ्यासही झाले आहेत. मायोटोनिक डिस्ट्रॉफीमध्ये थकवा, दिवसा येणारी झोप आणि कशातच पुढाकार न घेणं ही लक्षणं मेंदूवरच्या परिणामातून येतात. घरचे त्याला आळस समजतात. युरोपातल्या चार देशांत २५५ रुग्णांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्तन आणि विचारांवर काम करणारी थेरपी आणि तिच्या जोडीला बेतानं वाढवत नेलेला व्यायाम यांमुळे रुग्णांची रोजची कामं करण्याची क्षमता काहीशी वाढली. एएलएस आणि त्याच गटातल्या आजारांसाठी ब्रिटनमधल्या १६ केंद्रांत १९१ जणांवर झालेली चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. तिथे वापरलेली पद्धत थोडक्यात अशी: दुःखद विचार हाकलत बसायचं नाही, त्यांना असू द्यायचं आणि जे आपल्याला मोलाचं वाटतं त्याकडे तरीही पाऊल टाकायचं. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ही थेरपी घेतलेल्यांच्या जगण्याची प्रत, नुसते नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा बरी राहिली.

स्नायूंची झीज यानं थांबत नाही. तसं आश्वासन कुणी दिलं तर तिथून उठून या.

त्यांना बोलता येत नाही. मग समुपदेशन कसं होणार?

होतं, वेळ मात्र जास्त लागतो. अक्षरांचा फळा, डोळ्यांच्या हालचालीवर चालणारा संगणक, हो-नाहीसाठी पापणी, जे वापरता येईल ते वापरायचं. मी अशा वेळी दुप्पट वेळ राखून ठेवते आणि एक नियम पाळते: वाक्य पुरं व्हायच्या आत मी ते पुरं करत नाही. सोबतच्या नातेवाइकालाही तसं करू देत नाही. एका बाईंनी अक्षर अक्षर करत "मला" लिहिलं, नवऱ्यानं पटकन म्हटलं, "पाणी हवंय." त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि पुढे लिहिलं, "एकटीला बोलायचंय."

चेहऱ्याचंही असंच. फेशियोस्कॅप्युलोह्युमरल डिस्ट्रॉफी, मायोटोनिक डिस्ट्रॉफी, मायस्थेनिया यांत चेहऱ्याचे स्नायू दुबळे होतात. हसू ओठांपर्यंत पोचत नाही, मायस्थेनियात तर ते गुरगुरल्यासारखं दिसू शकतं. समोरचा समजतो, हा माणूस रागावलाय किंवा याला काही वाटतच नाही. नवख्या समुपदेशकाचीही यात फसगत होते. चेहऱ्यावरून अंदाज बांधण्यापेक्षा सरळ विचारावं, "आत्ता काय वाटतंय?"

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. माझ्या टेबलावर टिश्यूचा डबा असतो. एएलएस असलेले एक गृहस्थ बोलता बोलता रडू लागले आणि मी सवयीनं डबा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, तळवे वर, आणि ते उचलत नव्हते. अश्रू गालावरून हनुवटीवर आले, तिथून शर्टावर. आम्ही दोघंही त्या डब्याकडे पाहत राहिलो. तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी विचारून ठेवते: डोळ्यांत पाणी आलं तर मी पुसू, सोबतच्या कुणाला बोलावू, की तसंच वाहू देऊ? तिन्ही उत्तरं मला मिळालेली आहेत.

ते मधेच हसतात किंवा हुंदके देऊन रडतात, कारण काहीच नसतं. मनावर परिणाम झालाय का?

एएलएसमध्ये हे पुष्कळांना होतं. भावना व्यक्त होण्यावर मेंदूचा जो लगाम असतो तो सैल पडतो, आणि हसू किंवा रडू आतल्या भावनेशी न जुळता बाहेर येतं. नैराश्य वेगळं, हे वेगळं. औषधांनी ते कमी होऊ शकतं, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टना नक्की सांगा. आणि पाहुण्यांनाही आधी सांगून ठेवा. त्यांच्या समोर रडू आलं की माणसाला लाज वाटते, आणि पुढे तो लोकांत येणंच टाळतो.

झोप नीट नाही, सकाळी डोकं दुखतं, दिवसभर मरगळ. हे नैराश्यच ना?

असेलही. पण आधी श्वास तपासा. श्वासाचे स्नायू दुबळे झाले की रात्री श्वास उथळ होतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. त्याची लक्षणं नेमकी अशीच: तुटक झोप, वाईट स्वप्नं, सकाळची डोकेदुखी, दिवसा पेंग, चिडचिड, लक्ष न लागणं. धाप लागेलच असं नाही, कारण माणूस धाप लागण्याइतका चालतच नसतो. अशा वेळी रात्री बायपॅप लावल्यावर "मनाची" तक्रार बरीच निवळते. मी समुपदेशक असूनही अशा रुग्णाला आधी फुप्फुसांच्या तज्ज्ञाकडे पाठवते.

नैराश्य मोजायच्या प्रश्नावल्याही इथे जपून वापराव्या लागतात. खूप वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत थकवा, झोप, भूक, हालचाली मंदावणं यांचेही गुण असतात. आमच्या रुग्णांना ते गुण आजारामुळेच मिळतात. मी जास्त लक्ष देते ते आवडीच्या गोष्टीतला रस गेला का, आणि स्वतःबद्दल काय वाटतं, याकडे.

नैराश्याची औषधं या आजारांत चालतात का?

पुष्कळ चालतात, आणि गरज असेल तर घ्यावीत. पण ती लिहून देणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाला स्नायूंच्या आजाराची पूर्ण माहिती द्या. झोपेची आणि चिंतेची काही औषधं आधीच दुबळा झालेला श्वास आणखी मंदावतात. मायोटोनिक डिस्ट्रॉफीत हृदयाच्या ठोक्यांची यंत्रणा बाधित असू शकते, तेव्हा काही औषधांआधी ईसीजी लागतो. मायस्थेनियात जपून वापरायच्या औषधांची यादी लांबलचक आहे. दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं व्हायला हवं.

दुसऱ्या मुलाकडे लक्षच देता येत नाही. तो मात्र फार समजूतदार आहे.

त्या समजूतदारपणाकडे जरा निरखून पाहा. भावंडं लवकर मोठी होतात. आपल्याला पळता येतं याची त्यांना लाज वाटते, आपल्यालाही हे होईल का अशी भीती असते, आणि आईवडिलांना आणखी त्रास नको म्हणून ती ताप आलेलाही लपवतात. आठवड्यातून अर्धा तास फक्त त्याचा ठेवा. त्या अर्ध्या तासात आजाराचा विषय तुम्ही काढू नका, त्यानं काढला तर बोला.

एसएमएवर २०१६च्या अखेरीपासून औषधं मिळू लागली. त्यानंतर काही घरांत एक नवीच परिस्थिती आली: थोरल्याच्या वेळी उपचार नव्हता, धाकट्याला जन्मल्या जन्मल्या मिळाला. धाकटा उठून उभा राहतो तेव्हा त्याच खोलीत थोरला खुर्चीत असतो. आईवडिलांना आनंद आणि दुःख यांतलं काहीच पुरतं भोगता येत नाही. अशा घरांनी एकत्र आणि वेगवेगळंही भेटावं.

मी दिवसरात्र त्याची काळजी घेते. मला समुपदेशन कशाला, आजारी तर तो आहे.

रात्री किती वेळा उठता? मी हा प्रश्न विचारते आणि बायका हिशोब करू लागतात. एकदा कूस बदलायला, एकदा पाय सरळ करायला, एकदा मास्क सरकला म्हणून. चार वेळा, पाच वेळा, वर्षानुवर्षं. सलग झोप न मिळालेल्या माणसाला येणारा राग हा स्वभावाचा दोष नसतो.

काळजी घेणाऱ्यासाठी मी तीन गोष्टींचा आग्रह धरते: आठवड्यातून किमान एक रात्र दुसऱ्या कुणी उठणं, स्वतःची दुखणी (कंबर आणि खांदे सगळ्यात आधी जातात) डॉक्टरांना दाखवणं, आणि स्वतःसाठी वेगळी भेट. "तो नसता तर..." असा विचार एखाद्या रात्री मनात आला असेल तर तोही इथे बोलता येतो. तो विचार मी खूप प्रेमळ माणसांकडून ऐकला आहे.

नवरा-बायको म्हणून आमचं नातं उरलं नाही. हे विचारावं की नाही कळत नाही.

विचारावं. जी पत्नी दिवसभर आंघोळ घालते, नळी साफ करते, तिला रात्री जोडीदार होणं जड जातं, आणि त्यालाही. शक्य असेल तिथे शरीराच्या निगेची काही कामं दुसऱ्या कुणाकडे द्या. नात्यासाठी त्याचा मोठा उपयोग होतो. स्नायूंच्या बहुतेक आजारांत स्पर्शाची जाणीव शाबूत असते. अडचण असते ती ताकद, थकवा, श्वास आणि संकोच यांची. दिवसाची वेळ, शरीराची ठेवण, उशा, यांवर मोकळेपणानं बोलता येतं. तुमच्या समुपदेशकाला हा विषय अवघड जात असेल तर दुसरा शोधा.

नवीन उपचार येताहेत म्हणतात. आशा ठेवायची की नाही?

ठेवायची. पण आशेला हिशोब हवा. चाचणीत भाग घेण्यासाठी वय, जनुकातला बदल, चालता येणं अशा अटी असतात आणि पुष्कळांना त्यामुळे नकार मिळतो. तो नकार घरात दुसऱ्या निदानासारखा आदळतो. अर्ज करण्याआधीच नकार आला तर काय, यावर बोलून ठेवलेलं बरं.

स्टीफन हॉकिंग यांचं उदाहरण नातेवाईक हमखास देतात. १९६३ साली वयाच्या २१व्या वर्षी त्यांचं निदान झालं आणि २०१८पर्यंत ते जगले, हे खरं. पण एएलएसमध्ये इतका संथ प्रवास फार विरळा. "ते करू शकले मग तू का नाही" हे रुग्णाला ऐकवू नका. इच्छाशक्ती कमी पडली म्हणून कुणाचा आजार वाढत नाही.

व्हेंटिलेटर, शेवटचा काळ, हे विषय आत्ताच काढायचे का?

संकटाच्या रात्री, आपत्कालीन विभागाच्या दारात, अर्ध्या मिनिटात ठरवण्यापेक्षा आत्ता. बोलणं म्हणजे निर्णय नव्हे, आणि घेतलेला निर्णय बदलताही येतो. रुग्णाला काय हवंय हे त्याच्याच तोंडून ऐका. तो मूल असेल तरी त्याच्या वयाप्रमाणे ऐका. एएलएसमध्ये काहींच्या विचारशक्तीवर आणि वागण्यावर परिणाम होतो, त्यामुळे हे बोलणं लांबवण्यात धोका आहे. पॅलिएटिव्ह म्हणजे त्रास कमी करणारी परिहार सेवा फक्त शेवटच्या दिवसांसाठी असते हा गैरसमज आहे; ती निदानापासून इतर उपचारांच्या बरोबरीनं घेता येते.

तो म्हणतो, आता जगून काय करायचं. आम्ही काय उत्तर द्यायचं?

उत्तर देऊ नका, विचारा. "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असं स्पष्ट विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. विचार असेल, त्यातही काही बेत ठरलेला असेल, तर त्याला एकटं सोडू नका, औषधांचा साठा बाजूला करा, आणि त्याच दिवशी डॉक्टर, आपत्कालीन सेवा किंवा तुमच्या भागातली मदतवाहिनी गाठा. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत विशेष जागं राहा.

पुष्कळदा त्या वाक्याचा अर्थ वेगळा निघतो. एका तरुणानं मला सांगितलं, मरायचं नाहीये, फक्त दर वेळी दुसऱ्याला हाक मारून कूस बदलून घ्यायचा कंटाळा आलाय. त्याच्यासाठी मग बटणावर चालणाऱ्या पलंगाची खटपट केली. मनाचा इलाज कधी कधी असाही असतो.

समुपदेशक कसा निवडायचा, आणि किती भेटी लागतात?

मानसशास्त्राचं किंवा समुपदेशनाचं रीतसर शिक्षण आहे का, ते विचारा. या आजारांचा अनुभव असेल तर उत्तम. नसेल तर तुमच्याकडून शिकून घ्यायची तयारी तरी हवी. खोलीपर्यंत खुर्ची जाते का आणि स्वच्छतागृह वापरता येतं का, हे फोनवरच विचारून घ्या. ऑनलाइन भेटी चालतात, मात्र रुग्णाला खोलीत एकांत मिळायला हवा. सुरुवातीला सहा ते आठ भेटी, नंतर गरजेप्रमाणे, असं मी साधारण सुचवते. दोन-तीन भेटींत मन जुळलं नाही तर बदला, वाईट वाटून घेऊ नका.

पहिल्या भेटीला काय आणायचं?

ज्या वेळी अंगात सगळ्यात जास्त ताकद असते ती वेळ मागून घ्या. मायस्थेनिया असेल तर बहुधा सकाळची. औषधांची यादी, आणि संवादासाठी जे साधन वापरता ते चार्ज करून. फाइल आणली नाही तरी चालेल. आणि दाराकडे जाता जाता विचारायचा जो प्रश्न मनात असेल, तो बसल्या बसल्या पहिल्यांदा विचारा.